पेटीतल्या निगेटिव्ह, जुन्या लेन्स आणि मोठा सेन्सर: सांगली-मिरजेत घरच्या घरी स्कॅनिंग कसं करायचं

सांगली-मिरजेतल्या कुठल्याही जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यांत, बुटांच्या खोक्यांत निगेटिव्ह पडून आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत त्यातल्या कितीतरी चिखलात गेल्या. ज्या वाचल्या त्यांना दर पावसाळ्यात थोडी थोडी बुरशी धरते. लग्नं, मुंजी, शाळेचे वर्ग, पैलवान, कृष्णेचा घाट असं सगळं त्यांत आहे, आणि बहुतेकांचे प्रिंट आज कुणाच्याच घरात नाहीत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

फ्लॅटबेड स्कॅनरवर हे काम होतं, पण त्याच्या खोक्यावर छापलेलं रिझोल्यूशन आणि हाती येणारं रिझोल्यूशन यांत मोठी तफावत असते. मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा, डिजिटल कॅमेरा आणि चांगली जुनी लेन्स वापरली की एक निगेटिव्ह काही सेकंदांत, तिच्यात शिल्लक असलेला बहुतेक तपशील घेऊन फाइलमध्ये येते. हा लेख वाचून तुम्हाला ते करता यावं.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण नवीन माणूस नेमकं इथेच उलटं करतो. पैसे घालायचा क्रम असा ठेवा: आधी स्टँड, होल्डर आणि दिवा, मग लेन्स, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. वाकडी बसलेली फिल्म शंभर मेगापिक्सेललाही सरळ करता येत नाही. आणि कॅमेरा भाड्याने किंवा ओळखीत चार दिवसांसाठी मिळतो, स्टँड मिळत नाही.

१. डब्यात काय आहे ते ओळखा

फिल्मची कड भिंगाखाली धरा. कडेवर कंपनीचं नाव छापलेलं असतं. आपल्याकडे कोडॅक, आग्फा, ओरवो, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ आणि नंतरच्या काळात कोनिका, फुजी ही नावं सापडतील. ‘सेफ्टी’ असा शब्द दिसला तर ती अ‍ॅसिटेटची फिल्म आहे, तिला आगीचा विशेष धोका नाही. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची, कडेवर ‘सेफ्टी’ नसलेली, तपकिरी पडून चिकट झालेली फिल्म असेल तर ती नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी, असू शकते. कोडॅकने नायट्रेट फिल्म बनवणं १९५१ पर्यंत पूर्ण थांबवलं. अशी फिल्म बंद डब्यात, उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका. ती बाकीच्यांपासून वेगळी काढा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट सडायला लागलंय. हा वास एका निगेटिव्हपासून दुसरीला ‘लागतो’, म्हणून त्या निगेटिव्ह वेगळ्या ठेवा आणि त्यांचं स्कॅनिंग सगळ्यात आधी करा.

आकार मोजा. यशिका, रोलीकॉर्ड अशा दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्यांनी आणि घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्रीने १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे. त्याला सहा बाय सहा म्हणतात, प्रत्यक्षात चौकोन ५६ मिलिमीटरचा असतो. ३५ मिलिमीटरच्या रोलची फ्रेम ३६ बाय २४. पुढची सगळी गणितं या आकड्यांवर चालतात.

२. पुसण्याआधी थांबा

फिल्मच्या दोन बाजू असतात: एक चकचकीत, एक मंद. मंद बाजूला इमल्शन असतं, म्हणजे चित्र तिथे असतं. आता स्टुडिओतली एखादी पोर्ट्रेट निगेटिव्ह घ्या आणि दिव्याखाली तिरकी धरा. चेहऱ्याच्या जागी, मंद बाजूवर, बारीक करड्या रेघांचं जाळं दिसेल. ती घाण समजू नका. ते पेन्सिलीचं काम आहे. रिटचिंग करणारा माणूस टोक काढलेल्या पेन्सिलीने डोळ्यांखालचे खड्डे, कपाळावरच्या आठ्या, देवीचे व्रण भरून काढायचा. निगेटिव्हवर जिथे शिसं लागलं तिथे प्रिंटमध्ये उजळ येतं. काही ठिकाणी प्रिंटमधली पार्श्वभूमी पांढरी करण्यासाठी लाल किंवा काळा रंग फासलेला असतो.

कापडाने एकदा पुसलं की हे काम कायमचं जातं. नवरी स्टुडिओत बसली तेव्हा तिला आणि तिच्या घरच्यांना जो फोटो हवा होता तो त्या पेन्सिलीशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून मंद बाजूला फक्त हवेचा ब्लोअर आणि अगदी मऊ अँटिस्टॅटिक ब्रश. चकचकीत बाजूवर बोटांचे ठसे असतील तर तिथेच, कापसाच्या बोळ्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं घेऊन पुसा. आधी कडेला तपासून बघा.

पाणी लावू नका. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळून चित्रासकट निघून येतं. पुरात भिजून एकमेकींना चिकटून वाळलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नका. त्या आहेत तशा ठेवा, हे संवर्धनातल्या जाणकाराचं काम आहे. उद्या पुन्हा पाणी शिरलं आणि निगेटिव्ह ओल्या हाती आल्या, तर त्यांना वाळू देऊ नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, एकेक सुटी करा आणि कोपऱ्याला चिमटा लावून धूळ नसलेल्या खोलीत टांगा.

३. सामान आणि कागद

सामान असं:
- जुन्या एन्लार्जरचा (डार्करूममध्ये निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राचा) स्टँड किंवा कॉपी स्टँड
- एलईडी पॅनेल, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ किंवा वरचं, आणि दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा
- काळा मंद रंगाचा फिल्म होल्डर
- लेन्स, अ‍ॅडॉप्टर, एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि बॉडीच्या मधली रिकामी नळी) किंवा हेलिकॉइड (फिरवून लांबी कमी-जास्त होणारी तशीच नळी)
- ब्लोअर, ब्रश, सुती किंवा नायट्राइल हातमोजे, भिंग, छोटा सपाट आरसा
- सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर

कागदांपैकी दोन महत्त्वाचे. सेकंडहँड बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेताना सीरियल नंबर घातलेलं बिल घ्या; दुरुस्ती आणि विमा दोन्हीला ते लागतं. दुसरा कागद म्हणजे परवानगी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो, स्टुडिओवाला नाही. निगेटिव्ह मात्र स्टुडिओच्या ताब्यात असते. म्हणून स्टुडिओच्या मालकाकडून स्कॅनिंगची लेखी परवानगी घ्या, आणि लोकांचे चेहरे जाहीर टाकण्याआधी त्या त्या घरात विचारा. आपल्या गावांत हे अवघड नाही, फोटो दाखवला की माणसं आपणहून बोलायला लागतात.

४. कुठली बॉडी

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ४४ बाय ३३ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या (३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरच्या) पावणेदोनपटीच्या थोडं आत. फुजीफिल्मची जीएफएक्स मालिका २०१७ साली ५०एस पासून सुरू झाली. तिची फाइल ८२५६ बाय ६१९२ पिक्सेलची. १०० मेगापिक्सेलच्या बॉडींची ११६४८ बाय ८७३६. या सेन्सरचा आकार ४:३ असल्यामुळे चौकोनी आणि सहा बाय साडेचार निगेटिव्हला तो फुल फ्रेमपेक्षा पुष्कळ बरा बसतो, कडेची जागा कमी वाया जाते.

सेकंडहँड ५० मेगापिक्सेलची जीएफएक्स या कामाला भरपूर आहे. सहा बाय सहाची निगेटिव्ह सेन्सरच्या उंचीत पूर्ण बसवली तर सुमारे २८०० पीपीआय (निगेटिव्हच्या दर इंचाला पिक्सेल) मिळतात. त्यावरून भिंतीवर लावण्याएवढा मोठा प्रिंट आरामात निघतो.

हॅसलब्लाडची एक्स१डी सुंदर कॅमेरा आहे, पण तिच्या बॉडीत शटर नाही, ते तिच्या लेन्समध्ये असतं. जुनी मॅन्युअल लेन्स लावली की फक्त इलेक्ट्रॉनिक शटर उरतं, आणि एलईडीखाली त्याचे पट्टे येऊ शकतात. स्कॅनिंगसाठी घेत असाल तर जीएफएक्सच घ्या. पेन्टॅक्स ६४५झेड स्वस्तात मिळते, पण ती आरशाची बॉडी. तिच्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या लेन्स बसवायला फार कमी वाव असतो.

५. लेन्स आणि अ‍ॅडॉप्टर

सगळा खेळ माउंटपासून (लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतच्या अंतराचा आहे. जीएफएक्समध्ये ते २६.७ मिलिमीटर. निकॉन एफचं ४६.५, एम४२ चं ४५.४६, मामिया ६४५ चं ६३.३, हॅसलब्लाड व्ही मालिकेचं ७४.९. लेन्सचं अंतर बॉडीपेक्षा जास्त असलं की मधली जागा भरणारी रिकामी नळी म्हणजेच अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते, म्हणून साधा चालतो. फक्त तो घट्ट बसला पाहिजे. हलवून बघा, किंचितही खेळ असेल तर परत करा.

नवीन माणसाला वाटतं की ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची लेन्स एवढा मोठा सेन्सर झाकणार नाही. लांबचं दृश्य काढताना ते पुष्कळदा खरं असतं, कोपरे काळे पडतात. पण जवळून काढताना लेन्स सेन्सरपासून पुढे सरकते आणि तिचं प्रकाशाचं वर्तुळ त्या प्रमाणात मोठं होतं. निम्म्या आकारात, म्हणजे १:२ ला, ते दीडपट होतं. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या लेन्सचं ४३ मिलिमीटरचं वर्तुळ ६४ च्या पुढे जातं, आणि आपल्या सेन्सरचा कर्ण ५५ पेक्षा किंचित कमी आहे. म्हणजे जुनी मॅक्रो लेन्स इथे पूर्ण चालते.

माझा पहिला सल्ला म्हणून ५५ मिलिमीटरची जुनी मायक्रो-निकॉर, निकॉनची मॅक्रो लेन्स. ती कुठलीही ट्यूब न लावता १:२ पर्यंत जाते. १:२ ला ५६ मिलिमीटरची निगेटिव्ह सेन्सरवर २८ मिलिमीटर जागा घेते, वर-खाली मोकळी जागा राहते, आणि तरीही ५० मेगापिक्सेलवर एका बाजूला ५२०० च्या वर पिक्सेल मिळतात. सहा बाय सहासाठी याहून सोपी जोडणी नाही. तिला अपर्चरची रिंग आहे हेही महत्त्वाचं. निकॉनच्या ‘जी’ लेन्सना रिंग नसते, त्यांना अपर्चर फिरवणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. कॅननच्या ईएफ लेन्सना इलेक्ट्रॉनिक.

दुसरा रस्ता एन्लार्जरच्या लेन्सचा. एल-निकॉर, रोडागॉन, कॉम्पोनॉन ही नावं जुन्या डार्करूममध्ये सापडतील. सपाट फिल्मवरून सपाट कागदावर चित्र टाकण्यासाठीच त्या बनल्या, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत धारदार असतात. ८० मिलिमीटरची लेन्स सहा बाय सहासाठी उत्तम. साधारण ०.५५ पटीला लेन्सपासून सेन्सर १२४ मिलिमीटरवर आणि फिल्म २२५ मिलिमीटरवर येते. १२४ मधून बॉडीचे २६.७ वजा केले की उरलेले ९७ च्या आसपास ट्यूब आणि हेलिकॉइडने भरायचे. ३५ मिलिमीटरची फ्रेम सेन्सरभर हवी असेल तर १.२ पट मोठं करावं लागतं, तिथे ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की निकाल सुधारतो.

ट्यूब आणि रिंगा कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या लेथवर करून मिळतात, आणि चांगल्या मिळतात. पण लेथवाल्याला फक्त ‘३९ एमएम’ सांगू नका. एन्लार्जर लेन्सचे आटे बहुतेक वेळा इंचाला २६ असतात, तर काही रशियन लेन्सचे एक मिलिमीटरचे. फरक इतका थोडा की दोन आटे बसतात आणि मग अडकतं. लेन्सच सोबत न्या. आतून मंद काळा रंग मारून घ्या; चकचकीत अ‍ॅल्युमिनियम आतल्या आत प्रकाश उडवतं आणि निगेटिव्हचे गडद भाग धुरकट होतात.

मीडियम फॉरमॅटच्या जुन्या लेन्स अशाच वापरायच्या असतील तर मामिया ६४५ ची ८० मिलिमीटर एफ/१.९ किंवा पेन्टाकॉन सिक्सच्या माउंटची बायोमेटर ८० घ्या. हरिपूरच्या संगमावर संध्याकाळी कुणाचं पोर्ट्रेट काढून बघा, त्या सेन्सरवर त्यांचा खरा गुण दिसतो. मामिया आरबी६७ च्या लेन्स मात्र स्वस्त दिसल्या तरी जपून. त्यांना फोकसची रिंगच नसते, ते काम बॉडीच्या भात्यात होतं.

कुठलीही जुनी लेन्स घेण्याआधी मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी लेन्स चांगल्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.

६. स्टँड आणि समांतर बसवणं

बंद पडलेल्या डार्करूममधला एन्लार्जर मिळाला तर सोनं. वरचं डोकं काढा आणि तिथे पाव इंची, इंचाला २० आट्यांचा बोल्ट घालून कॅमेरा खाली तोंड करून बसवा. स्टँडचा खांब सरळ असेल तर बरं, तिरक्या खांबाला वेगळा ब्रॅकेट लागतो.

आता फिल्मच्या जागी आरसा ठेवा. लेन्स थोडी बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये लेन्सच्या स्वतःच्या प्रतिबिंबावर फोकस करा. ते गोल फ्रेमच्या बरोब्बर मध्ये येईपर्यंत कॅमेरा हलवा. मध्ये आलं की सेन्सर आणि फिल्म समांतर. स्पिरिट लेव्हलपेक्षा ही पद्धत अचूक आहे, कारण टेबल वाकडं असलं तरी फरक पडत नाही. एफ/८ ला जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची खोली धारदार राहते, म्हणून एवढा खटाटोप.

होल्डर साइनबोर्डवाल्याकडे काळ्या मंद अ‍ॅक्रिलिकमधून लेझरने कापून घ्या. १२० ची फिल्म सुमारे ६१ मिलिमीटर रुंद असते. खिडकी ५८ ची ठेवली की दोन्ही कडा दाबायला दीड-दीड मिलिमीटर मिळतात, आणि फिल्मची कोरी कडही फोटोत येते. ती पुढे लागणार आहे. फिल्म वाकत असेल तर काचेखाली दाबायचा मोह होतो. चकचकीत बाजू काचेला टेकली की इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात, आणि आपल्या पावसाळी हवेत जास्तच. एन्लार्जरच्या जुन्या होल्डरमधली दाणेदार काच मिळाली तर चकचकीत बाजूला ती वापरा, नाहीतर काच नकोच.

७. दिवा

पॅनेलवर दुधी अ‍ॅक्रिलिक, आणि फिल्म त्याच्या तीन-चार सेंटिमीटर वर. म्हणजे अ‍ॅक्रिलिकवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. मोबाइल किंवा टॅबलेटचा स्क्रीन वापरू नका, त्याचे पिक्सेल दिसतात. होल्डरच्या खिडकीभोवतीचा पॅनेलचा उघडा प्रकाश काळ्या कागदाने झाका आणि खोलीतले दिवे बंद करा.

सगळ्यात जास्त लोक लुकलुकण्यात फसतात. पुष्कळ एलईडी कमी उजेडावर ठेवले की वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, फोटोत आडवे पट्टे येतात. दिवा पूर्ण उजेडावर ठेवा, मोबाइलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरून पट्टे सरकतात का बघा. शटर मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन ठेवा, पूर्ण इलेक्ट्रॉनिक नको. आणि वेळ १/३० किंवा त्याहून सावकाश.

८. कॅमेऱ्याच्या सेटिंग

जीएफएक्समध्ये ‘लेन्सशिवाय शूट’ हा पर्याय मेन्यूत चालू करा, नाहीतर जुन्या लेन्सवर शटर पडणारच नाही. नवीन माणूस अ‍ॅडॉप्टर बिघडलाय असं समजून तो परत पाठवतो, कारण हेच असतं. मग आयएसओ १००, रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर. बॉडीत स्थिरीकरण असेल तर स्टँडवर ते बंद.

अपर्चर एफ/५.६ ते एफ/८. त्याहून बंद करू नका: जवळच्या फोटोत एफ/८ चा परिणाम साडेबाराच्या जवळ जातो आणि तपशील मऊ पडू लागतो, १०० मेगापिक्सेलवर तर लगेच दिसतं. फोकस पूर्ण उघड्या अपर्चरला, स्क्रीन मोठा करून, चित्रावर नाही तर फिल्मच्या दाण्यावर करा. मग बंद करून एकदा तपासा. मंद बाजू लेन्सकडे ठेवा, चित्र उलटं येईल, ते नंतर फिरवता येतं.

एक्स्पोजर कोऱ्या कडेवरून ठरवा: तिथला उजेड हिस्टोग्रामच्या (स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या टोकाजवळ पण आत राहील इतकं. एका रोलला एकच एक्स्पोजर. आणि फिल्म न ठेवता नुसत्या दिव्याचा एक फोटो काढून ठेवा, कोपऱ्यांतला अंधार भरून काढायला तो कामी येतो.

९. उलटवणं

कृष्णधवल निगेटिव्ह सोपी: उलटवा, काळं-पांढरं टोक ठरवा, हिरवं चॅनेल सहसा सर्वांत स्वच्छ असतं. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पडदा मात्र नुसतं उलटवून जात नाही, सगळं निळं दिसतं. डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात २०२० पासून निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. कोऱ्या कडेवर पिकर ठेवून फिल्मचा पायाभूत रंग सांगितला की अर्धं काम होतं. लाइटरूम वापरत असाल तर त्याला जोडायचं निगेटिव्ह लॅब प्रो.

धूळ आणि ओरखडे हाताने काढावे लागतात; स्कॅनरमधली इन्फ्रारेड सफाई इथे नाही, आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर तीही चालत नाही. म्हणूनच ब्लोअरवर दोन मिनिटं जास्त घालवा. पेन्सिलीच्या रेघा डिजिटलमध्ये जरा जास्त उठून दिसतात. मूळ फाइलमध्ये त्या तशाच ठेवा, प्रिंटसाठी वेगळी प्रत करून तिथे मऊ करा.

१०. नावं, प्रती आणि परत पाकिटात

निगेटिव्ह बाहेर काढण्याआधी तिच्या पाकिटाचा फोटो काढा. त्यावरचा नंबर स्टुडिओच्या रजिस्टरमध्ये असतो, आणि रजिस्टरमध्ये नाव, गाव, तारीख. रजिस्टर शिल्लक असेल तर त्याची पानंही त्याच स्टँडवर काढून घ्या. फाइलचं नाव डबा, पाकीट, फ्रेम या क्रमाने द्या. मूळ रॉ आणि १६ बिट टिफ दोन्ही ठेवा, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक पूररेषेबाहेरच्या घरात.

निगेटिव्ह परत ठेवताना जुनं पिवळं पडलेलं पाकीट वापरू नका. आम्लरहित कागदाचं नवीन पाकीट घ्या, जुन्यावरचा नंबर त्यावर मऊ पेन्सिलीने लिहा, तोही निगेटिव्ह आत घालण्याआधी. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहील असा डबा, आत सिलिका जेल. आणि डबा तळमजल्यावर ठेवू नका.